सिनेमा पाहून लिहायचंय? मग हे बघ
अरे, बिनधास्त लिही. फाळक्यांनी 1913 साली मुंबईहून बिऱ्हाड हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ नाशकातच काढला, तेव्हा सिनेमावर बोलायचा हक्क आपल्याला नाशिककरांना आहेच! सुरुवातीला एवढंच सांभाळ:

– गोष्ट सांगत बसू नकोस. नवशिके इथेच घसरतात. शेवट तर अजिबात फोडायचा नाही.
– एकच प्रसंग पकड. ‘कोर्ट’ या मराठी सिनेमात न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवतात आणि कॅमेरा तसाच उभा. कंटाळा आला? लिही. अंगावर आलं? तेही लिही. पण का, ते सांग.
– ‘छायाचित्रण उत्तम, संगीत ठीक’ छाप वाक्यं नकोत.

पाचपैकी किती तारे, ते नंतर बघू. कॉलेज रोडला चहा पिताना मित्राला सांगशील तसं त्याच रात्री लिहून टाक. सकाळी दुसऱ्यांची मतं कानावर पडायला लागतात.