नोट्स काढतोयस? आधी हायलायटर ठेव खाली

मीही पहिल्या वर्षी अख्खं पान पिवळं करायचो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळंच महत्त्वाचं दिसायचं!

लॉला आहेस ना? मग एका खटल्याला एकच पान: वाद काय, प्रश्न काय, निकाल, कारण. केशवानंद भारती खटला घे. १९७३, तेरा न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६. संसद घटना दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एवढं पुरे.

- सरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवू नकोस.
- सीनियरच्या झेरॉक्स वाच, पण स्वतःच्या नोट्स काढल्यावर.

घरी जाताना लोकलमध्ये तेच पान मनात आठव. अंधेरी ते बोरिवली एक खटला आरामात होतो. (विरार फास्टमध्ये वही उघडायला जागा असते कुठे!) रंगांचे कोड, तक्ते वगैरे दुसऱ्या सेमिस्टरला बघू.