तान्ह्या बाळासाठी स्वस्त बाबागाडी

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. छत्रीसारखी मिटणारी स्वस्त बाबागाडी घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. तिची पाठ बहुधा पूर्ण आडवी होत नाही. मान न धरलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडू शकतो. बाळ आधाराशिवाय बसू लागलं की ती खुशाल घ्या. सध्या सपाट होणारी, ७-८ किलोंची, खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणाऱ्या पाच पट्ट्यांची गाडी बघा. वापरलेलीही चालेल, मात्र उघडल्यावर घडीचा खटका पक्का बसतो का, ब्रेक लावल्यावर उतारावर चाकं सरकतात का, ते तपासा. खटका सैल असेल तर फुकटातही नको. हँडलला भाजीची पिशवी अडकवू नका, गाडी मागे कलंडते.