अपघात लपवणारा आकडा आणि गार्ड काढलेला प्रेस: कामगार-सुरक्षेची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमच्याकडे ब्रेकचे सुटे भाग बनतात. कर्मचाऱ्यांचं मासिक वार्तापत्र मी काढते. वाढदिवस, बढत्या, निवृत्तांचे फोटो आणि पहिल्या पानावर ‘अपघाताविना इतके दिवस’. गेल्या महिन्यात डीबरिंगच्या (नगांच्या धारदार कडा घासण्याच्या) टेबलावर एका मुलाच्या अंगठ्याला टाके पडले. त्याला बाहेरच्या डॉक्टरकडे नेऊन प्रकरण मिटवलं आणि आकडा चालूच राहिला, कारण ठरलेले दिवस भरले की सगळ्यांना बक्षीस आहे. मी हा आकडा छापू का? (एचआर विभाग, रबाळे)

उत्तर: आकडा छापू नका, अपघात छापा. अख्ख्या लाईनचं बक्षीस एका मुलाच्या अंगठ्यावर टांगून ठेवलं, तर तो तोंड उघडणार कसा? त्याला गप्प बसवायला मॅनेजर लागत नाही, शेजारचे चार जणच म्हणतात, ‘जाऊ दे रे, आमचं कशाला घालवतोस.’ बक्षिसाने अपघात कमी होत नाहीत, अपघाताच्या बातम्या कमी होतात. आणि आज टाके लपले, तर उद्या त्याच टेबलावर दुसऱ्याचा हात कापेल.

अर्ध्या रकान्याची जागा काढा. कोणतं काम चाललं होतं, नेमकं काय झालं, काय बदललं आणि ते कोणी कधीपर्यंत करायचं, एवढंच लिहा. कामगाराचं नाव नको आणि ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द तर मुळीच नको. तुमच्या या प्रसंगात धारदार कडेचे नग उघड्या हाताने का हाताळावे लागत होते, हे लिहिण्यासारखं आहे. त्याखाली ‘थोडक्यात वाचलो’ असं सदर ठेवा: घसरलेली ट्रॉली, सुटलेला बेल्ट, फोर्कलिफ्टवरून पडता पडता राहिलेला पॅलेट. बक्षीस द्यायचंच तर हे सांगणाऱ्याला द्या.

मालकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर त्याची सूचना सरकारी यंत्रणेला देणं बंधनकारक आहे. ‘मिटवलं’ म्हणून ती जबाबदारी संपत नाही. कामगार-सुरक्षेचं काम करणारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला आपण सुरक्षा दिन पाळतो. तिचं मुख्यालय तुमच्याजवळ, सीबीडी बेलापूरला आहे. पोस्टर स्पर्धेपेक्षा तिथल्या प्रशिक्षणाला दोन सुपरवायझर पाठवा.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये माझं प्रेस शॉप आहे, जुन्या मेकॅनिकल प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) ब्रॅकेट आणि वॉशर काढतो. गार्ड (हात आत जाऊ न देणारी जाळी) बसवून दिले, तरी पोरं काढून ठेवतात. आता लाईट कर्टन (हात आत गेला की किरण तुटून मशीन थांबवणारा सेन्सर) बसवतो, म्हणजे कटकट मिटेल. बरोबर ना? (एक लघुउद्योजक)

उत्तर: थांबा, खर्च करण्याआधी प्रेसचा क्लच बघा. तुमचे प्रेस जुने असतील तर बहुधा त्यांना की क्लच असेल. अशा प्रेसमध्ये पायडल दाबलं आणि क्लचमधली ‘की’ नावाची खुंटी गुंतली, की रॅम (खाली-वर होणारा जड भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मध्येच तो कोणीही थांबवू शकत नाही, लाईट कर्टनसुद्धा नाही. किरण तुटल्याचं सेन्सरला कळेल, पण डाय (साचा) तोवर खाली आलेली असेल. लाईट कर्टन आणि दोन हातांची बटणं फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे स्ट्रोकमध्ये कुठेही थांबणाऱ्या प्रेसला उपयोगी. की क्लचला बोट आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा. नग भरायला-काढायला चिमटा किंवा स्लाइड हवी. शिवाय की किंवा तिची स्प्रिंग झिजली की एकदा पायडल दाबल्यावर रॅम दोनदा खाली येतो. ‘डबल मारतोय’ असं ऑपरेटर म्हणाला, की त्या क्षणी मशीन बंद करून क्लच उघडायचा, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही.

आता पोरं गार्ड का काढतात? तासाला किती नग मागता आणि गार्ड लावून किती निघतात, हे एकदा स्वतः शेजारी उभं राहून मोजा. गार्डमुळे नग अडकत असेल, डाय दिसत नसेल, तर चूक गार्डच्या आखणीची आहे. ती ऑपरेटरला बोलावून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या, आणि गार्ड लावून जेवढे निघतात तेवढंच टार्गेट ठेवा. पायडलवर वरून झाकण असू द्या, म्हणजे पडलेला नगही ते दाबू शकणार नाही. डाय बदलताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (जड चाक) फिरतच असतं. ते पूर्ण थांबू द्या, मेन स्विचला कुलूप लावा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवा आणि मगच हात घाला.

प्रश्न: माझा नवरा महापेला ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागला. तिसऱ्याच दिवशी पायावर कास्टिंग पडून हाड मोडलं. ठेकेदार म्हणतो ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड तीन महिन्यांनी मिळतं, आणि कंपनी म्हणते तो आमचा माणूस नाही. पगार १६ हजार ठरला होता. (एक गृहिणी, घणसोली)

उत्तर: ताई, दोघंही तुम्हाला चुकीचं सांगत आहेत. २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआय लागू असलेल्या जागी पहिल्या दिवसापासून विमाधारक असतो. आजारपणाच्या भत्त्याला आधीची वर्गणी लागते, कामावरच्या अपघाताला लागत नाही. ठेकेदाराने नोंद केली नसेल तर वर्गणीची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ईएसआय महामंडळ तुम्हाला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. पाय बरा होईपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, शिवाय उपचार.

आजच करायचं ते असं. कंपनीच्या अपघात नोंदवहीत तारीख, वेळ आणि जागा लिहिली आहे का ते पाहा, त्या पानाचा फोटो घ्या. शेजारी काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा. गेटवरच्या हजेरीचा किंवा पासचा पुरावा जपा. ही कागदपत्रं घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. उपचारासाठी वाशी आणि वागळे इस्टेट दोन्हीकडे कामगार रुग्णालय आहे. कोऱ्या कागदावर किंवा ‘घरी पडलो’ असं लिहिलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

प्रश्न: ड्रिल मशीनवर हातमोजे सक्तीचे करावेत का? (सुपरवायझर, पावणे)

उत्तर: नाही. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला तर तो आख्खा हात ओढून नेतो. नग क्लॅम्पमध्ये पकडा, बर (धातूचा कीस) ब्रशने काढा. एअर गनने कपडे झाडण्याची सवयही मोडा. बर डोळ्यात जाते आणि दाबाची हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते.

प्रश्न: तुर्भ्याला माझं सुट्या भागांचं दुकान आणि गोडाऊन आहे, माणसं आठ. कारखान्याचे नियम आम्हाला कुठे लागू? (एक दुकानदार)

उत्तर: कारखाना नाही आणि दहाच्या आत माणसं म्हणून ईएसआयही नाही, हे खरं. पण म्हणूनच धोका तुमच्या खिशाला जास्त आहे. कामावरच्या इजेची भरपाई मालकाने द्यायची ही तरतूद १९२३ च्या कायद्यापासून आहे, आणि गोडाऊनमध्ये माल हाताळणारे त्यात येतात. आठही जणांचा विमा काढा.

मग गोडाऊनमध्ये फेरी मारा. गिअरबॉक्स, क्रँकशाफ्ट असा जड माल खालच्या खणात आणा. रॅक भिंतीला बोल्टने बांधा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर हवी आणि थिनर, ब्रेक क्लीनरचे डबे तिथून लांब हवेत. मागच्या दारासमोर बंपरचे खोके रचलेले असतील तर ते आज संध्याकाळीच हलवा.