स्कॉटलंडच्या पावसात कोणता नकाशा टिकतो?

प्रश्न: आम्ही दोघं (मी 54, हे 58) सप्टेंबरात स्कॉटलंडला वेस्ट हायलँड वे चालणार आहोत, शेवटी बेन नेव्हिसही चढायचाय. सह्याद्रीत भरपूर फिरलोय. मुलगा म्हणतो फोनमध्ये सगळं असतं, नकाशा कशाला? घ्यायचाच तर पावसात टिकेल असा कोणता घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, फोन न्याच, ऑफलाइन नकाशे डाउनलोड करून न्या, पण नुसत्या त्याच्या भरवशावर जाऊ नका. ओल्या बोटांना स्क्रीन धड दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा साधा कागदी नकाशा नेला होता. याच वाटेवरच्या रॅनख मूर या उघड्या माळावर आडवा पाऊस, दर अर्ध्या तासाने नकाशा उघडायचा नि मिटायचा, संध्याकाळपर्यंत जिथे चार घड्या एकत्र येतात तिथे भोकं पडली आणि पुढचा फाटा नेमका त्या भोकात गेला. कागद आधी घडीवरच जातो, त्यामुळे घेताना घडी बघा, बाकी कव्हर कितीही देखणं असू दे.

तुमच्यासाठी हार्वे कंपनीचा याच वाटेचा नकाशा घ्या. मलगाय (Milngavie, स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार असाच आहे) ते फोर्ट विल्यम, अख्खी 154 किलोमीटरची वाट एकाच शीटवर, स्केल 1:40,000, म्हणजे अडीच सेंटिमीटरला एक किलोमीटर. तो कागद नाही, प्लास्टिकसारखा असतो, भिजला तर रुमालाने पुसायचा, खिशातही मावतो. फक्त त्यात वाटेच्या दोन्ही बाजूंची पट्टीच असते, पट्टीबाहेर भरकटलात तर तो काही सांगणार नाही.

म्हणून बेन नेव्हिससाठी वेगळा हवा, इथे काटकसर करू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर 392, स्केल 1:25,000, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) नीट वाचता येतात. त्यातला 'अॅक्टिव्ह' प्रकार मागा, तो लॅमिनेटेड असतो. जाड आणि जड आहे, घडी पण हट्टी, पण एका दिवसापुरता चालतो. माथा 1,345 मीटरवर, वर सपाटी आणि उत्तरेला थेट कडे, धुक्यात तिथे नकाशा आणि होकायंत्र दोन्ही हातात पाहिजेत. आपल्याकडे कोकणकड्यावर ढग आले की कसं होतं ते तुम्हाला माहीत असेलच, तसंच समजा.

घेताना कोपऱ्यातलं आवृत्तीचं वर्ष बघा, आणि नकाशा हातात आल्यावर लगेच घरीच नळाखाली धरून, ओला असतानाच दहा वेळा उघडझाक करा. यांनाही करायला लावा, कारण वाऱ्यात तो मोठा कागद आवरताना एकाने धरायचा नि दुसऱ्याने वाचायचा हे आधी जमलेलं बरं.