स्क्रीन रीडरवर चालेल असं चिपट्यून (जुन्या गेम कन्सोलच्या साउंड चिपसारखं संगीत) बनवायचं सॉफ्टवेअर कोणतं?

ट्रॅकरच्या, म्हणजे ग्रिडमध्ये सूर भरायच्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागू नका, थेट एमएमएल म्हणजे म्युझिक मॅक्रो लँग्वेज शिका, कारण त्यात अख्खं गाणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं असतं आणि ते नोटपॅड आणि एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर सुद्धा आरामात होतं. बहुतेक ट्रॅकर आपली ग्रिड स्वतःच स्क्रीनवर रंगवतात, त्यामुळे स्क्रीन रीडरच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. एनईएसचा, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलचा, आवाज हवा असेल तर पीपीएमसीके हा एमएमएल कंपाइलर घ्या, त्यात चॅनेलची नावं अशी: ए आणि बी म्हणजे पल्स, सी ट्रँगल, डी नॉइज, ई सॅम्पल, सुरांसाठी सी डी ई अशी अक्षरं, ऑक्टेव्हला ओ, लांबीला एल, व्हॉल्यूमला व्ही, आणि कंपाइल केलं की एनएसएफ, म्हणजे एनईएसच्या संगीताची फाइल मिळते. एनव्हीडीएमध्ये विरामचिन्हांची पातळी 'सर्व' ठेवा हं, नाहीतर काही खुणा ऐकूच येणार नाहीत आणि चूक कुठे झाली ते शोधत बसाल. फक्त एक, लिहिता लिहिता लगेच ऐकू येत नाही, दरवेळी कमांड लाइनवरून कंपाइल करावं लागतं. ते नको असेल तर रीपर हे संगीत रेकॉर्ड-एडिट करायचं सॉफ्टवेअर, त्यावर ओसारा, म्हणजे रीपर स्क्रीन रीडरवर चालवणारं एक्स्टेन्शन, आणि एखादं ८ बिट आवाजाचं प्लगइन घ्या, पण मग खरी चिपची फाइल मिळत नाही, नुसता तसा आवाज मिळतो.