मेव्हणा नगरसेवक झाल्यावर त्याच्याच प्रभागातील पालिकेची कामे मी घ्यावीत का?

आपला प्रश्न असा आहे, की आपली फर्म गेली काही वर्षे मुंबई महानगरपालिकेची पदपथ आणि गटारांची लहान कामे रीतसर निविदा भरून घेते. आता पत्नीचा सख्खा भाऊ त्याच प्रभागातून निवडून आला आहे, तर त्याचे पद धोक्यात येते का आणि आपण ही कामे सोडावीत का. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. मी लिहायला बसलो तो दुसऱ्या भागामुळे.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १६ नुसार पालिकेच्या कंत्राटात किंवा नोकरीत ज्याचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे, त्याला नगरसेवक राहता येत नाही. मेव्हणा, भाचा, साडू यांची यादी त्यात नाही. मुलगा नगरपालिकेत नोकरीला असल्यामुळे वडील अपात्र ठरतात का, असा वाद १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा केवळ नात्यावरून हितसंबंध गृहीत धरता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. उलट २०१२ मध्ये गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या पतीला त्याच पंचायतीचे काम मिळाले होते, तेथे तिची अपात्रता न्यायालयाने कायम ठेवली, कारण नवराबायकोचे आर्थिक हित एकमेकांपासून वेगळे मानता आले नाही. म्हणजे प्रश्न नात्याचा नसून पैसा कोणाच्या घरात जातो याचा आहे. मेव्हण्याचा आपल्या फर्ममध्ये एक रुपयाही गुंतलेला नसेल, तर केवळ आपल्या कंत्राटामुळे त्याचे पद जाईल असे मला वाटत नाही.

आता दुसरा भाग. मी एका महानगरपालिकेतून दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झालो. कोणत्या ते सांगत नाही. मुंबईच्या आजूबाजूला महानगरपालिकांची वानवा नाही. माझ्या हद्दीतील एका पदपथाचे काम माझ्या सख्ख्या भाच्याच्या फर्मला मिळाले. निविदा चोख होती, त्याचा दर खरोखरच सर्वांत कमी होता आणि मी त्याला एका शब्दानेही मदत केलेली नव्हती. परंतु त्या कामाची मोजमापे घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवणे आणि त्याखाली सही करणे हे माझेच काम होते. मी एक पानाचे पत्र लिहिले, की ठेकेदार माझा भाचा असल्यामुळे या कामाची मोजमापे दुसऱ्या अभियंत्याकडे द्यावीत. साहेबांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तोंडी सांगितलेत तरी चालले असते, आवकमध्ये कशाला टाकता?" मी आवक शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत टेबलासमोरून हललो नाही. ती प्रत आजही माझ्या कपाटात आहे.

शेजारच्या हद्दीतील अभियंता मोजमापाला गेला. त्याने पहारीने दोन ठिकाणचे पेव्हर ब्लॉक उचलले, खालच्या काँक्रीटच्या थराला टेप लावली, तर जेथे शंभर मिलिमीटर थर हवा होता तेथे एके ठिकाणी सत्तर आणि दुसऱ्या ठिकाणी पंच्याहत्तर भरला. बिल कापले गेले. त्या कापलेल्या बिलाचा राग मात्र मोजणाऱ्यावर न निघता माझ्यावर निघाला. त्या वर्षी भाऊबीजेला ताईने ओवाळले, ताटात मी पाकीट ठेवले, आणि आतल्या खोलीतून दाजी वर्तमानपत्रावरची नजर न काढता म्हणाले, "मामाने मोजले असते तर शंभर भरले असते." पुढे जेवताना त्यांनी तोच मुद्दा वकिली थाटात मांडला: नातेवाइकाने काम घेऊ नये, असे नियमात कोठे लिहिले आहे ते दाखव; लिहिलेले नसेल, तर हा आगाऊपणा कोणी सांगितला होता?

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. ते पुढे कायदा वाचताना सापडले, आणि तेच आपल्यालाही लागू पडते. कलम १६ मध्ये काही हितसंबंधांना सूट दिलेली आहे. उदाहरणार्थ, ज्या वर्तमानपत्रात पालिकेच्या जाहिराती येतात, त्यात नगरसेवकाचा हिस्सा असला तरी तेवढ्याने त्याचे पद जात नाही. परंतु कलम ३६ मध्ये सभेच्या कामकाजाचे नियम आहेत, आणि अशा सूट दिलेल्या हितसंबंधाचा विषय सभेपुढे आला, तर त्या नगरसेवकाने चर्चेत भाग घेऊ नये व मतही देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. एखाद्या अशिलाच्या वतीने व्यावसायिक संबंध असेल तरीही तेच. म्हणजे हितसंबंध असणे हा प्रत्येक वेळी अपराध नसतो, पण त्या विषयापुरते उठून बाजूला जाणे ही अपेक्षा एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या या कायद्यालाही आहे. पद जाणे आणि टेबलावरून उठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाजी आयुष्यभर पहिलीच गोष्ट विचारत राहिले, आणि मी पत्र दिले होते ते दुसरीसाठी. हे कलम नगरसेवकांसाठी आहे, अभियंत्यांसाठी नाही, हे त्यांनी सांगण्याआधीच मान्य करतो. पण सभेत हात वर करणाऱ्याला जे लागू आहे ते मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्याला मुळीच लागू नाही, हे कोणत्या तर्काने म्हणायचे?

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की त्या एका प्रभागातील कामे आपण सोडावीत. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. उरलेल्या २२६ मध्ये निविदा भरायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. आपले काम कितीही चांगले असले, तरी विभाग कार्यालयातील जो तरुण अभियंता आपला थर मोजायला येईल, त्याला आपण कोणाचे कोण आहोत हे आधीच ठाऊक असेल, आणि मेव्हण्याने एकही फोन केला नाही तरी त्याची टेप थोडी सैल पडेलच. त्याला त्या जागी उभे करू नका. मेव्हण्यालाही सांगा, की आपल्या फर्मचा विषय समितीपुढे आला तर नाते इतिवृत्तात नोंदवून बाहेर जावे. बाहेर चहा प्यायला गेलो होतो, हे नंतर कोणी ऐकून घेत नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. मेव्हण्याने आपल्या फर्मला हातउसने पैसे दिले असतील, तो जामीन राहिला असेल, किंवा आपली पत्नी आणि तो मिळून एखाद्या व्यवसायात किंवा गोदामात भागीदार असतील, तर वर मी पद जाणार नाही असे म्हटले आहे त्यावर विसंबू नका. अशा वेळी अप्रत्यक्ष हितसंबंधाचा प्रश्न उभा राहतो आणि तो लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे जाऊ शकतो. मी अभियंता आहे, वकील नाही. फर्मची मागील तीन वर्षांची खातेवही घेऊन पालिकेच्या कायद्यात काम करणाऱ्या वकिलाला भेटा, आणि चालू कामाचे बिल अजून निघायचे असेल तर नात्याचे पत्र आजच विभाग कार्यालयात द्या, त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेऊनच बाहेर पडा.