विद्यार्थी नेता घुसखोर-निर्वासितांविरुद्ध मोर्चे काढून थेट आसामचा मुख्यमंत्री झाला, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. प्रफुल्लकुमार महंत. गुवाहाटीत कायद्याचे विद्यार्थी आणि ‘आसू’ (ऑल आसाम स्टुडंट्स युनियन) या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा पोटनिवडणुकीच्या मतदार यादीत हजारो नावं परदेशी म्हणून संशयित निघाली आणि तिथून ठिणगी पडली. ८ जूनला पहिला बंद झाला, पुढे पोरांनी बिहारमधल्या बरौनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे जाणारं कच्चं तेलही अडवलं. १५ ऑगस्ट १९८५ला केंद्र सरकार आणि आंदोलकांमध्ये आसाम करार झाला, डिसेंबरात महंत मुख्यमंत्री. वय अवघं ३३!

आसामी माणसाची भीती खोटी नव्हती. जमीन, भाषा, मत, सगळंच हातून जाईल असं त्याला वाटत होतं. पण १८ फेब्रुवारी १९८३चं आसामातल्या नेलीचं हत्याकांड विसरून ही गोष्ट सांगता येत नाही. विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत एका सकाळी बंगाली मुसलमानांची गावंच्या गावं कापली गेली. दोन हजारांच्या आसपास माणसं, त्यात बायका-लेकरं जास्त, कारण त्यांना पळता आलं नाही. एकालाही शिक्षा झाली नाही. माझा राग यावर आहे.

आपल्याकडे नागपुरात जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी वसले. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातले बंगाली निर्वासित सरकारनेच वसवले. तिथेही जमिनीवरून कुरबुरी आहेतच, आणि आदिवासींचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. मोर्चा जरूर काढा, पण तो मंत्रालयावर न्या, कुणाच्या वस्तीवर नको.